सेंटरिंग प्रेअर की लेक्शिओ दिविना?

शांत प्रार्थनेचा गट सुरू करायचं ठरलं की बहुधा सेंटरिंग प्रेअर (एका शब्दाच्या आधाराने शांत बसणं) आणि लेक्शिओ दिविना (बायबलचा उतारा सावकाश वाचत प्रार्थना करणं) या दोन पद्धती पुढे येतात, आणि पाठोपाठ ‘मंडळीत गूढवाद नको’ ही हरकतही. ती दोघींना सारखीच लावणं मला पटत नाही.

सेंटरिंग प्रेअर 1970 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठात घडली. एक छोटा ‘पवित्र शब्द’ निवडून 20 मिनिटं डोळे मिटून बसायचं, दिवसातून दोनदा. मन विचारात गुंतलं की हळूच शब्दाकडे परतायचं. शब्द सतत घोकायचा नसतो. म्हणून मत्तय 6:7 मध्ये येशूने प्रार्थनेत टाळायला सांगितलेली ‘बडबड’ तिला चिकटवणं जरा अन्यायाचंच. ख्रिस्ती ध्यानाबद्दलच्या 1989 च्या व्हॅटिकनच्या पत्राचा दाखलाही तिच्याविरुद्ध सरसकट देतात. त्यात झेन, योग, भावातीत ध्यान यांचा उल्लेख आहे, हिचं नाव नाही.

मला खटकतं ते वेगळंच. बसल्या बसल्या एखादं वचन किंवा येशूचं एखादं कृत्य आठवलं, तर नियमानुसार तेही सोडून द्यायचं! समर्थक म्हणतात, तेवढ्या वेळापुरतंच, वचनावर मनन इतर वेळी करा. खरंही असेल. पण डोळे उघडल्यावर गटात कोणाला काय गवसलं, ते कशावर घासून पाहायचं? समोर उतारा नसतो. उरतं फक्त ‘छान वाटलं’.

लेक्शिओचे वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन हे चार टप्पे 12व्या शतकात कार्थुसियन पंथाचा संन्यासी गुइगो दुसरा याने मांडले. गटात उतारा तीनदा मोठ्याने वाचावा, दर वेळी आवाज वेगळा, मध्ये दोन-तीन मिनिटं शांतता. आठ-दहा ओव्या पुरतात.

घोटाळा हिच्यातही होतो. यिर्मया 29:11 (देव चांगलं भविष्य आणि आशा देईल, हे वचन) एकटं उचललं की ज्याला त्याला नवी नोकरी दिसते. ते पत्र बाबेलमधल्या बंदिवानांना आहे, आणि आदल्याच ओवीत 70 वर्षं थांबायला सांगितलंय. म्हणून वाचन चौथ्या ओवीपासून धरा आणि मननाआधी विचारा: हे कोण, कोणाला सांगतंय? चूक उताऱ्यावर बोट ठेवून दाखवता येते, आणि माझ्या अनुभवात गट टिकतो तो त्यामुळेच.

सेंटरिंग प्रेअर आधीच चालू असेल तर लगेच मोडू नका. 20 मिनिटांआधी एक उतारा वाचा, नंतर त्यावरच बोला. बसल्यावर कोणाच्या जुन्या दुखऱ्या आठवणी उसळत असतील, तर मात्र त्याला पुढच्या बैठकीला आग्रह करू नका.