मेडिस्टरकाकर: खिमा तयार आणावा की घरी काढावा?

पूर्व नॉर्वेत २४ डिसेंबरच्या रात्री ताटात रिब्बे असते, म्हणजे कुरकुरीत कातडीसकट भाजलेली डुकराची बरगडी, आणि तिच्या शेजारी मेडिस्टरकाकर. हे डुकराच्या बारीक खिम्याचे, कटलेटसारखे जरा चपटे गोळे. सोबत उकडलेले बटाटे आणि सुरकोल, म्हणजे आंबटगोड कोबी. घरी पहिल्यांदाच करणार असाल, तर आधी खिम्याचं ठरवा.

तिथल्या दुकानांत खास यासाठीचा 'मेडिस्टरडाइग' तयार मिळतो. तो छान बारीक असतो, चरबीही पुरेशी असते, आणि सणाच्या धांदलीत तासभर वाचतो. फक्त पाकिटामागचं नीट वाचा, काहींत मीठ आणि पाणी आधीच असतं. एका वर्षी मी न वाचता नेहमीएवढं मीठ घातलं आणि अख्खा घाणा खारट झाला.

घरी काढायचा तर ७०० ग्रॅम खांद्याचं मांस आणि ३०० ग्रॅम पोटाकडचं चरबीचं मांस घ्या. तुकडे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग मशीनच्या बारीक जाळीतून दोनदा काढा. मांस कोमट झालं की चरबी फुटते आणि गोळे कोरडे, भुरभुरीत होतात. चवीत घरचा खिमा सरस, यात मला शंका नाही. पण मशीन नसेल तर हट्ट करू नका. मिक्सरमध्ये मांस तापतं आणि त्याचा लगदा होतो.

खरा फरक पडतो तो मळण्याने. बिनमिठाच्या किलोभर खिम्यात आधी १५ ग्रॅम मीठ घालून मळा. चारपाच मिनिटांत तो हाताला चिकटू लागतो, बोटं वेगळी केली की मध्ये धागे ताणले जातात. तेव्हा ३-४ चमचे बटाट्याचा स्टार्च आणि अर्धा-अर्धा छोटा चमचा जायफळ, सुंठ, मिरी. मग ३०० मिली गार दूध, थोडं थोडं करून. दूध एकदम ओतलं तर मिश्रण ते धरत नाही. स्टार्चऐवजी मैदा चालतो, पण गोळा जड होतो. माझं मत स्टार्चलाच. कांदा नको, अंडंही लागत नाही.

गोमांसाचे शॉटकाकर हा याचाच रोजच्या जेवणातला भाऊ. त्याचा खिमा जाडसर, आणि तो तपकिरी ग्रेव्हीत मुरतो. एरवीच्या जेवणाला तो करा, पण रिब्बेशेजारी मेडिस्टरच हवा.

सगळे थापण्याआधी एकच छोटा गोळा तळून चाखा. कमी पडलेलं मीठ तेव्हाच वाढवता येतं. मग चमचा पाण्यात बुडवून गोळे पाडा आणि मध्यम आचेवर लोण्यात तळा. रिब्बेची सुटलेली चरबी हाताशी असेल तर तीच वापरा.