दोनच पक्ष नकोत, तर कोणत्या प्रस्तावाला मत द्यायचं?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदाराच्या मतपत्रिकेवर काही राज्यांत आणि शहरांत उमेदवारांखेरीज एक प्रश्नही असतो: मतदानाची पद्धत बदलायची का? बहुतेक प्रस्तावांचे प्रचारक सांगतात की यामुळे दोन पक्षांची मक्तेदारी मोडेल. पण या प्रस्तावांची कामं वेगवेगळी आहेत, म्हणून आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवा.

तक्रारी दोन आहेत. पहिली, तिसऱ्याला मत दिलं की आपल्याच बाजूचं नुकसान होतं. 2000 च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्यावर 537 मतांनी जिंकले, तिथे ग्रीन पक्षाचे नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. दुसरी, भरपूर मतं मिळूनही तिसऱ्याच्या पदरी काही पडत नाही. 1992 मध्ये अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळपास 19 टक्के मतं पडली, पण राज्यवार मिळणारं आणि अध्यक्ष ठरवणारं इलेक्टोरल मत मात्र एकही नाही. पहिल्या तक्रारीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

सर्वाधिक गाजणारा पर्याय म्हणजे पसंतीक्रम, तिकडच्या भाषेत रँक्ड चॉइस. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर हे नवीन नाही: 1, 2, 3 आकडे घालायचे, कोणाला निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद, आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे. मेन राज्यात 2018 साली काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन पोलिक्विन पहिल्या फेरीत 46.3 टक्क्यांवर आघाडीवर होते. दोन अपक्षांची मतं वळल्यावर डेमोक्रॅट गोल्डन 50.6 टक्क्यांनी निवडून आले. अपक्षाला दिलेलं मत वाया गेलं नाही, पण जागा मोठ्या पक्षाकडेच गेली.

ही पद्धत कुठे अडखळते ते अलास्कात दिसलं. ऑगस्ट 2022 च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन पेलिन आणि बेगिच, आणि डेमोक्रॅट पेल्टोला असे तिघे होते. बेगिच तिसरे म्हणून बाद झाले. त्यांच्या सुमारे 11 हजार मतपत्रिकांवर दुसरी पसंतीच नव्हती, आणि पेल्टोला जिंकल्या त्या पाच हजारांच्या थोड्या वरच्या फरकाने. मतपत्रिकांचा पूर्ण हिशेब मांडला तर समोरासमोरच्या लढतीत बेगिच दोघींनाही हरवत होते. मधला उमेदवार लवकर गळतो, तो असा. शिवाय कोऱ्या पसंतीमुळे मतं गळू नयेत म्हणून प्रचारात ‘दुसरी पसंती लिहाच’ हे ठासून सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात ही पद्धत शंभर वर्षांहून जास्त काळ आहे आणि तिथे सगळे क्रमांक लिहिणं सक्तीचं आहे. तरी बहुतेक जागा दोन मोठ्या गटांकडेच जातात.

कॅलिफोर्नियाची ‘पहिले दोन’ प्रायमरी, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीची फेरी, या कामासाठी घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सगळे एकाच प्रायमरीत उतरतात, पहिले दोघे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला जातात आणि छोटा पक्ष मुख्य मतपत्रिकेवरून जवळपास नाहीसा होतो. 2012 मध्ये 31 व्या मतदारसंघात डेमोक्रॅट मतं चौघांत फुटली, आणि डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्या भागात अंतिम लढत दोन रिपब्लिकनांची झाली.

न्यूयॉर्कमधलं फ्युजन छोट्या पक्षाला तग धरायला उपयोगी पडतं. एकाच उमेदवाराचं नाव दोन पक्षांच्या रांगांत येतं, मतं एकत्र मोजतात, पण कोणत्या रांगेतून किती आली हे दिसतं. वर्किंग फॅमिलीज पार्टी हा छोटा पक्ष त्याच बळावर मोठ्या पक्षाशी वाटाघाटी करते. मात्र रांग टिकवण्याचा निकष बदलणं सत्ताधाऱ्यांच्या हाती असतं. 2020 मध्ये तो 50 हजार मतांवरून 1 लाख 30 हजार किंवा 2 टक्के, यांतलं जे जास्त असेल ते, इतका वाढला आणि ग्रीन, लिबर्टेरियन अशा पक्षांची रांग गेली. राज्यांना फ्युजनवर बंदी घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच मान्य केलं आहे.

दुसऱ्या तक्रारीवर खरा उतारा एकच: एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी. जुलै 2024 ची विधान परिषद निवडणूक आठवा. मतदार 274 आमदार, जागा 11. प्रत्येक मताचं मूल्य 100, म्हणून 27,400 भागिले 12 (जागांहून एक जास्त), अधिक 1, म्हणजे 2,284. तेवीस आमदार जमवले की एक जागा पक्की. ओरेगनमधल्या पोर्टलँड शहराने 2024 पासून याच जातीचा हिशेब धरला आहे: चार प्रभाग, प्रत्येकी तीन नगरसेवक, कोटा (निवडून यायला लागणारी मतं) 25 टक्क्यांच्या किंचित वर. समजा एक लाख मतं पडली, तर कोटा 25,001. कोणाला 30,000 मिळाली तर वरची 4,999 पुढच्या पसंतीकडे जातात, म्हणजे त्याच्या प्रत्येक मताचा जवळपास सहावा हिस्सा. अडचण मतपत्रिकेच्या लांबीची: काही प्रभागांत 30 उमेदवार होते आणि क्रम देता येत होता फक्त सहांना.

इथे जागांचा आकडा सगळं ठरवतो. इलिनॉयमध्ये 1870 ते 1980 विधानसभेला तीन जागांचे मतदारसंघ होते, आणि मतदार आपली तिन्ही मतं एकालाच देऊ शकत होता. बहुतेक ठिकाणी दोन्ही पक्षांचे लोक निवडून येत, तिसऱ्याचे क्वचितच. तीन जागांना चौथा हिस्सा मतं लागतात, पाच जागांना सहावा. पाचाखाली जाऊ नये.

न्यूझीलंडने याहून पुढची उडी घेतली. 1981 मध्ये सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला 20.7 टक्के मतं आणि 92 पैकी 2 जागा मिळाल्या होत्या. 1993 च्या सार्वमताने मिश्र प्रमाणबद्ध पद्धत आली: दोन मतं, एक स्थानिक उमेदवाराला आणि एक पक्षाला, पक्षाच्या मतांच्या प्रमाणात एकूण जागा, आणि त्या मिळायला 5 टक्के मतं किंवा एक स्थानिक जागा हा उंबरठा. 1996 च्या पहिल्या निवडणुकीनंतर सरकार ठरायला जवळपास दोन महिने लागले. आघाडीचे हे दिवस ज्यांना नको वाटतात त्यांनी या वाटेला जाऊ नये. न्यूझीलंडच्या मतदारांनी मात्र 2011 च्या सार्वमतात ही पद्धत कायम ठेवली.

अमेरिकन काँग्रेससाठी यात अडसर आहे तो 1967 चा कायदा. त्याने एका मतदारसंघाला एकच सदस्य बंधनकारक केला, आणि तो बदलणं काँग्रेसच्याच हाती आहे. त्यामुळे आत्ता जोर लावायची जागा म्हणजे शहराची सनद आणि राज्याची विधानसभा.

असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी किंवा त्याला मत देण्यापूर्वी मसुद्यात प्रत्येक मतदारसंघातून किती जण निवडायचे तो आकडा शोधा. आकडा 1 असेल आणि तक्रार मतफुटीची असेल, तर पाठिंबा द्या. तक्रार नव्या पक्षाला जागा न मिळण्याची असेल, तर 5 जागांचा मसुदा मागा आणि मतदार प्रशिक्षणासाठी किती पैसे ठेवलेत तेही विचारा.