सुकाणूच्या पात्याला चीर: एपॉक्सी की पॉलिस्टर रेझिन?

इंदूरच्या माझ्या भाच्याची शिडाची होडी भोपाळच्या मोठ्या तलावावर असते. सुकाणूच्या फायबरच्या पात्याला बोटभर चीर गेली आणि ती बुजवायला कुठलं रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) घ्यावं, इथे तो अडला.

पॉलिस्टर स्वस्त, कामही झटपट. पण सुकताना ते आकसतं आणि जुन्या फायबरला नीट धरत नाही; पाण्याचा जोर आला की नेमका तोच सांधा सुटतो. एपॉक्सी महाग, हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) काट्यावर मोजूनच घालावं लागतं. जास्त घातलं तर लवकर सुकत नाही, उलट कच्चं राहतं. पकड मात्र पक्की. आधी आतली ओल पूर्ण वाळवायची, चिरेच्या कडा १ मिमी खोलीला १२ मिमी असा उतार देऊन घासायच्या, मग एपॉक्सी लावून विणलेलं काचकापड बसवायचं. वर रंग हवाच, एपॉक्सीला ऊन सोसत नाही.

वरवरचा टवका असेल तर पॉलिस्टर चालेल. चीर आरपार असेल तर, बाळा, एपॉक्सीच.