६ व्होल्टची १२ करायची का? १९५१च्या डॉजचा ११ महिन्यांचा अनुभव

गाडी आजोबांची. १९५१ची डॉज किंग्सवे, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली, सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ६ व्होल्टची इलेक्ट्रिक सिस्टीम आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. मुक्काम कोल्हापूर. गेल्या गणपतीत मी ठरवूनच बसलो होतो की १२ व्होल्ट करून टाकायची. सगळ्यांची असतात तीच कारणं, सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत फिरायचं, गरम गाडी बंद केली की परत चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटं, आणि हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. आमच्या इलेक्ट्रिशियननी यादीपण करून दिली होती, बॅटरी, अल्टरनेटर, कॉइल, सगळे बल्ब, फ्लॅशर, पेट्रोलच्या काट्यासाठी व्होल्टेज कमी करणारा डबा. "दादा, एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा" असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलंपण होतं.

यादी खिशात घेऊन डिस्टिल्ड वॉटर भरायला बॅटरी उघडली तर बुचं चार! ६ व्होल्टच्या बॅटरीला तीन सेल असतात, मग हे चौथं कुठून आलं? मधल्या काळात कुणीतरी जरा ताकद मिळेल म्हणून ८ व्होल्टची बॅटरी टाकलेली. आता बघा, चार सेलची चार्ज बॅटरी नुसती उभी असताना ८.४ व्होल्ट दाखवते आणि जुना रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगवर ताबा ठेवणारा डबा, साधारण ७.२ ते ७.४ला चार्जिंग तोडतो, म्हणजे ती बॅटरी गाडीवर कधी पूर्ण भरतच नव्हती. इतकी वर्षं आम्ही बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला शिव्या देत होतो. ८ व्होल्टचा हा मधला मार्ग कुणी सुचवला तर रेग्युलेटरचं सेटिंग बदलणार का ते आधी विचारा, आणि सेटिंग वाढवलं की बल्ब लवकर उडणार हेपण धरून चाला.

मग म्हटलं १२च्या आधी ही गाडी ६वर नीट चालते का ते तरी बघू. ६ व्होल्टची मोठी बॅटरी दुकानात रेडी मिळाली नाही, ऑर्डर देऊन आणवली. चुलतभावाला सेल्फ मारायला बसवलं आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस टोकावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरली. नुसत्या अर्थच्या बाजूला १.१ व्होल्ट गायब! १२ व्होल्टच्या गाडीत हेच १.१ गेले तर चालून जातं, सहातले गेले तर सेल्फला उरतं काय? केबल काढली तर २५ स्क्वेअर एमएमची, आजकालच्या गाडीला लावतात तसली, आणि थिंबलखाली, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीखाली, चेसिसवर रंगाचे तीन थर आणि त्याखाली गंज. तीच ताकद निम्म्या व्होल्टेजवर हवी तर करंट दुप्पट लागतो, त्यामुळे ६ व्होल्टला केबल जाड लागते हे साधं गणित, पण गॅरेजवाले सर्रास बारीक टाकतात.

७० स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणली, थिंबल नीट क्रिंप करून घेतले, अर्थची जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासली, आणि इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॉडी असे वेगळे अर्थ पट्टे टाकले. सेल्फ मारताना त्याच्यावर आधी ३.९ व्होल्ट पोचत होते, आता ५.१. पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा बाबा घरातून बाहेर आले, त्यांना आवाजच ओळखू येईना.

हेडलाइटचंपण तेच. बल्बच्या टोकाशी ४.९ व्होल्ट येत होते. व्होल्टेज १८ टक्के पडलं तर उजेड जवळपास निम्मा होतो, बल्बचं तसंच असतं. ६ व्होल्ट कॉइलचे दोन रिले टाकले, म्हणजे स्विचच्या छोट्या करंटवर मोठा करंट सोडणारे, जाड वायर थेट बॅटरीपासून घेतली, आता ६च्या आसपास मिळतात. रात्री खंबाटकी उतरलोय याच लाइटवर. एलईडीशी तुलना करू नका, पण रस्त्याची कड दिसते. बॅटरी सोडून एकूण खर्च साडेसहा हजार.

२,६०० किलोमीटर झाले, मे महिना आणि पावसाळा दोन्ही काढले. एप्रिल-मेमध्ये गरम इंजिन तीन-चार फेऱ्यांत लागतं. एकदाच रस्त्यात अडकलो, तेव्हा ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट झिजलेले निघाले, त्याचा व्होल्टेजशी संबंध नव्हता. अमेरिकेत १९५५-५६च्या सुमाराला सगळे १२वर गेले ते जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सेल्फला फिरवायला जड अशा व्ही-एट इंजिनांमुळे आणि वाढत्या ॲक्सेसरीजमुळे. आमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सातला एक, आणि कोल्हापुरात बर्फ पडत नाही.

कमतरता आहेत. आयडलला डायनामो काही देत नाही, पुण्यात नवले पुलाजवळ पावसात लाइट लावून पाऊण तास अडकलो तेव्हा अँपिअरमीटरचा काटा सारखा डिस्चार्जकडे, जीव नुसता टांगणीला. मोबाइल चार्जिंगला ६चे १२ करणारा कन्व्हर्टर लागतो आणि पॉझिटिव्ह अर्थमध्ये त्याची निगेटिव्ह बाजू बॉडीला लागली की शॉर्ट. माझा पहिला असाच जळाला, आता लाकडी फळीवर बसवलाय. आणि डायनामो काढून परत बसवला तर इंजिन बंद ठेवून पोलराइज करा, म्हणजे त्याची प्लस-मायनसची दिशा परत ठरवून द्या, आमच्याकडे रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर टर्मिनलला वायरचा तुकडा क्षणभर टेकवला की झालं.

तुमच्या गाडीचा डायनामो आधीच गेलाय, किंवा एसी लावायचाय, किंवा रोज रात्री हायवेला चालवताय, तर १२ करा, बिनधास्त करा. पण सेल्फ मंद फिरतो एवढ्याचसाठी करत असाल तर आधी मल्टिमीटर लावा. आमच्या गाडीतला काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ अजून वाजतो, त्या व्हॉल्व्हचे हीटरच ६.३ व्होल्टचे, तीन सेलच्या बॅटरीच्या मापाचे. १२ केलं असतं तर तो मला काढून कपाटात ठेवावा लागला असता.

आता फक्त डॅशबोर्डमागची कापडी इन्सुलेशनची वायरिंग राहिलीये, हात लावला की भुगा पडतो. ती दिवाळीनंतर बदलणार, ६ व्होल्टच्याच मापानं, जाड.