साहाय्यसेवा असलेल्या ज्येष्ठांच्या सदनिकेत दहा महिने

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या, परवडणाऱ्या भाड्याच्या इमारतीत आम्ही दोघे पती-पत्नी राहायला आलो, त्याला आता दहा महिने झाले. अर्ज केल्यापासून किल्ली हाती येईपर्यंत चौदा महिने प्रतीक्षायादीत गेले. तेव्हा असे घर हवे असणाऱ्यांनी गुडघे पुरते कुरकुरू लागेपर्यंत थांबू नये. भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते आणि दरवर्षी उत्पन्नाची कागदपत्रे नव्याने द्यावी लागतात.

घर लहान आहे, निम्मे सामान देऊन टाकावे लागले. बांधणी मात्र विचारपूर्वक केलेली आहे. उंबरठे नाहीत, दारांतून चाकाची खुर्ची सहज जाते आणि प्रवेशद्वाराचा उतार एकास बारा या प्रमाणात, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा आहे. न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूस उघडते. आत पडलेला माणूस दाराला टेकून राहिला तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही, ही गोष्ट जुन्या घरात इतकी वर्षे राहूनही माझ्या कधी ध्यानात आली नव्हती.

याच न्हाणीघरात मदतीसाठी ओढायची दोरी आहे. ती जमिनीजवळ पोहोचली पाहिजे, कारण तिची गरज खाली पडलेल्या माणसालाच असते. साफसफाई करताना कोणीतरी ती वर गुंडाळून गाठ मारून ठेवली होती आणि आमच्या ते महिनाभर लक्षात आले नाही. आता दर सोमवारी मी ती स्वतः पाहतो.

रोज सकाळी नऊच्या आत दारावरची पाटी उलटी करायची, न केल्यास आधी फोन येतो आणि उत्तर न मिळाल्यास कोणीतरी दार ठोठावते. सुरुवातीला मला हा शाळेतल्या हजेरीसारखा प्रकार वाटला, आणि तीनदा विसरल्यामुळे ओशाळायलाही झाले. पण शेजारचे गृहस्थ पहाटे घसरून पडले, तेव्हा साडेनऊच्या सुमारास त्यांचे दार उघडले गेले ते या पाटीमुळेच.

खरी किंमत आहे ती सेवा-समन्वयक बाईंची. त्या परिचारिका नाहीत, औषध देत नाहीत, अंघोळही घालत नाहीत. पण कोणता अर्ज कुठे द्यायचा, घरी येणारी फिजिओथेरपी कशी मिळवायची, दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांची एकच यादी करून ती कोणाला दाखवायची, हे त्या शांतपणे सांगतात. माझ्या पत्नीला दोन वेगवेगळ्या नावांनी एकच रक्तदाबाची गोळी चालू होती, हे अशी यादी करतानाच उघड झाले. मात्र त्यांच्याकडे दोन इमारती असल्याने इथे त्या आठवड्यातून तीनच दिवस येतात, आणि नड नेमकी चौथ्या दिवशी निघते.

रुग्णालयात नेणारी गाडी आदल्या दिवशी सांगावी लागते. परतीची वेळ ठरलेली असल्याने तपासणी लवकर संपली तरी बाकावर बसून राहावे लागते. इमारतीला लिफ्ट एकच आहे. ती चार दिवस बंद होती, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही जवळजवळ कैदेतच होतो. रात्री कर्मचारी नसतात. दोरी ओढली की बाहेरच्या केंद्राशी बोलणे होते. सामुदायिक दालनातल्या भजन-पत्त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, ज्यांना आवडते ते जातात.

करारात एक कलम आहे, जे मी घाईत वाचले होते: राहणाऱ्याने दैनंदिन कामे स्वतः किंवा स्वतः नेमलेल्या मदतनिसाकडून करून घ्यायची. म्हणजे उद्या आमच्यापैकी एकाला उठवून बसवण्याची वेळ आली तर माणूस आम्हीच शोधायचा, त्याचे पैसे भाड्याबाहेर द्यायचे, आणि तो रात्री राहणार असेल तर लेखी परवानगी घ्यायची. हे सर्व समन्वयक बाईंकडून मी लिहून घेतले आहे. पुढच्या वर्षाच्या करारावर आम्ही सही केली, मात्र तळमजल्यावरचे घर रिकामे झाल्यास ते आम्हाला मिळावे, असा अर्ज सोबत जोडला आहे.