‘अनफ्रेंडेड’ की ‘अनफ्रेंडेड: डार्क वेब’ : एकच रात्र असेल तर

संगणकाच्या पडद्यावरच जवळजवळ सगळा घडणारा भयपट पाहायचा ठरवला आणि हाताशी एकच रात्र असली, तर निवड बहुधा या दोन चित्रपटांपाशी येऊन थांबते. पहिला लेव्हान गाब्रियाद्झे यांनी दिग्दर्शित केलेला ‘अनफ्रेंडेड’. तो २०१४ मध्ये माँट्रियलच्या फँटेजिया महोत्सवात ‘सायबरनॅचरल’ या नावाने प्रथम दाखवला गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या चित्रपटगृहांत आला. दुसरा स्टीफन सस्को यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, २०१८ चा ‘अनफ्रेंडेड: डार्क वेब’. निर्माते तिमूर बेकमाम्बेतोव दोन्हीकडे आहेत, भयपटांसाठी ओळखली जाणारी ब्लमहाउस ही निर्मितीसंस्थाही दोन्हीकडे आहे, मात्र पात्रे आणि कथानक यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसल्यामुळे कोणताही आधी पाहिला तरी अडत नाही. खरा फरक असा की पहिल्यात भूत आहे, तर दुसऱ्यात भुताला पूर्ण रजा देऊन त्याच्या जागी गुन्हेगार आणले आहेत. मी दोन्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत आणि माझे मत एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही दुसऱ्या चित्रपटाचे चाहते अनेक आहेत आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे.

पहिल्याची कथा कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरातल्या शाळकरी मित्रमैत्रिणींची. लॉरा बार्न्स या मुलीची दारूच्या नशेतील मानहानीकारक चित्रफीत कोणीतरी इंटरनेटवर टाकते, टिंगल आणि शिवीगाळ यांचा मारा होतो आणि ती मुलगी आत्महत्या करते. बरोबर एका वर्षाने तिचे मित्रमैत्रिणी स्काइपवर गप्पा मारत असताना एक अनोळखी खाते त्या संभाषणात शिरते आणि काही केल्या बाहेर जात नाही. दुसऱ्यात मटियास नावाचा तरुण सायबर कॅफेच्या हरवले-सापडले कप्प्यातून एक लॅपटॉप उचलून आणतो, त्यातील लपवलेल्या फोल्डरमध्ये त्याला छळाच्या चित्रफिती सापडतात आणि लॅपटॉपचा मूळ मालक त्याच्याशी बोलू लागतो. तेही स्काइपवर मित्रांची खेळाची बैठक चालू असताना.

दुसऱ्या चित्रपटाची बाजू प्रथम मांडतो, कारण ती सहज डावलण्यासारखी नाही. त्यातील माणसे अधिक प्रेमाने लिहिलेली आहेत. मटियासची मैत्रीण अमाया कर्णबधिर आहे. ती भूमिका करणाऱ्या स्टेफनी नोगेरास स्वतः कर्णबधिर आहेत. मटियास तिच्यासाठी एक ॲप तयार करतो आहे, जे त्याचे बोलणे खुणांच्या भाषेत रूपांतरित करून तिला दाखवील. तिच्या चेहऱ्यावरचा निरुत्साह पाहताना हळूहळू लक्षात येते की त्या ॲपमुळे सोय होणार आहे ती त्याची. तिचे उत्तर समजून घेण्याचे कष्ट त्याला अजूनही घ्यायचे नाहीत, तिची भाषा शिकायला तो कंटाळतो आहे. एका भयपटाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत नात्यातील इतका बारीक ओरखडा दिसावा, हे मला आजही कौतुकास्पद वाटते. पहिल्या चित्रपटातील एकाही जोडप्याविषयी मला एवढी आस्था वाटली नाही.

शिवाय त्यातील गुन्हे हवेतले नाहीत. एका प्रसंगात लॅपटॉपच्या मालकाचे टोळीतील साथीदार मटियासच्या एका मित्राच्याच जुन्या चित्रफितींमधील वाक्ये कापून-जोडून पोलिसांना खोटा फोन करतात आणि सशस्त्र पोलीस त्याच्या दारात येऊन उभे राहतात. अमेरिकेत हा प्रकार खरोखर घडतो. डिसेंबर २०१७ मध्ये विचिटा शहरात अशाच खोट्या फोनमुळे पोलिसांच्या गोळीने एका निरपराध माणसाचा जीव गेला होता. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर हा चित्रपट आता पूर्वीपेक्षा जवळचा वाटेल, कारण ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली माणसाला तासन्तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवायचे, कॉल कापू द्यायचा नाही, घरच्यांना सांगू द्यायचे नाही, ही रीत आपण रोजच्या बातम्यांत वाचतो. मटियासवर नेमकी हीच अट लादलेली असते. एका खिडकीत मित्रांशी हसतखेळत बोलायचे, दुसऱ्या खिडकीत धमक्यांना उत्तरे द्यायची आणि यातले काहीही चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, अशी त्याची मध्यंतरीची जी कसरत आहे, तेवढ्या भागात दुसरा चित्रपट पहिल्याच्या पुढे जातो असे मी मोकळेपणाने म्हणेन.

आणि नेमके त्यानंतर ते घडते, ज्यामुळे माझे मन या चित्रपटावरून उडाले. गुन्हेगार टोळीतील माणसे एकेकाच्या घरी पोहोचू लागतात आणि कॅमेऱ्यासमोर आली की त्यांच्या अंगाभोवती चित्र फाटते, चौकटी सरकतात, रंग विस्कटतात, डोक्यावर टोपी ओढलेली ती आकृती ओळखू येत नाही. माणूस सरकला की फाटलेले चित्रही त्याच्याबरोबर सरकते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दचकलो. दुसऱ्यांदा मात्र एक प्रश्न मनात आला आणि तो चित्रपट संपेपर्यंत गेला नाही : हे होते कसे? लॅपटॉपचा कॅमेरा त्यांच्या ताब्यात आहे हे मान्य, पण दाराबाहेरून चालत येणाऱ्या माणसाभोवतीचेच चित्र, नेमके त्याच्या आकाराचे, त्याच क्षणी, प्रत्येक घरात, वेगवेगळ्या संगणकांवर बिघडवायचे असेल तर त्यासाठी काय लागेल याचा चित्रपट विचारच करीत नाही. भुताच्या चित्रपटात पडदा असा फाटला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, कारण भूत आले की यंत्र बिघडते हा त्या जगाचा नियमच आहे. पण ज्याने भूत काढून टाकले आणि ‘हे तुमच्या बाबतीतही घडू शकते’ असे म्हणून मला बसवले, त्याने कसे घडते एवढे तरी सांगायला हवे, अशी माझी अपेक्षा होती.

ही तक्रार केवळ दृश्यपरिणामापुरती असती तर मी ती सोडून दिली असती. पुढे पुढे तर या टोळीला काहीच अशक्य राहत नाही. त्यांना हवा तो माणूस हव्या त्या वेळी हव्या त्या ठिकाणी सापडतो, त्यांच्यापैकी कोणाची कुठे चूक होत नाही, कोणाला उशीर होत नाही, कोणाचे इंटरनेट बंद पडत नाही. शेवटी जो खुलासा होतो तो येथे सांगत नाही, पण तो खरा मानायचा तर त्या रात्री कोण कोणती खिडकी उघडेल, कोण कोणावर विश्वास ठेवील, हे सारे त्यांना आधीच ठाऊक असायला हवे. गुन्हेगाराची भीती वाटते ती तो आपल्यासारखाच माणूस असतो म्हणून, त्याचीही कुठे पकड सुटू शकते आणि तेवढ्यात आपण निसटू शकतो म्हणून. ती फट बुजवली की प्रेक्षक सुटकेची आशाच सोडून देतो, आणि आशा सुटली की पाहण्यातला ताणही जातो. निदान माझा तरी गेला. या चित्रपटाचे दोन वेगवेगळे शेवट अमेरिकेतील चित्रपटगृहांत पाठवले गेले होते, म्हणजे शेवटी काय होते हे तुम्ही कोणत्या चित्रपटगृहात गेलात यावर अवलंबून होते. कल्पना आकर्षक आहे, हे खरे. पण गुन्हेकथेत कारणामागून परिणाम यावा, असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातून एवढेच कळले की दोन्ही शेवट चालतील इतकी ती वीण सैल आहे.

पहिल्या चित्रपटाकडे वळलो की हा प्रश्न उद्भवतच नाही. भूत कसे टाइप करते, प्रिंटर कसा चालवते, असे कोणी विचारीत नाही, त्यामुळे दिग्दर्शकाला सगळा वेळ माणसांकडे देता येतो. जिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर हा चित्रपट घडतो त्या ब्लेअरचे काम करणाऱ्या शेली हेनिग यांचा चेहरा स्काइपच्या लहानशा चौकटीत असतो आणि आपली नजर मात्र बहुतेक वेळ तिच्या कर्सरवर खिळलेली असते. ती मित्राला संदेश लिहू लागते, अर्धे वाक्य लिहून थांबते, मागे मागे खोडत जाते आणि मग अगदी वेगळे, निरुपद्रवी वाक्य पाठवते. पाठवलेले वाक्य मित्राला दिसते, खोडलेले फक्त आपल्याला. ती खोटे बोलते आहे हे कोणत्याही संवादाशिवाय आपल्याला कळते, आणि ते कळल्यावर तिच्या प्रत्येक थांबण्याचा अर्थ आपण लावू लागतो. पडद्यावरच घडणाऱ्या चित्रपटाचा हा प्रकार कशासाठी जन्माला आला, असे कोणी विचारले तर मी हे खोडणे दाखवीन.

आणखी एक प्रसंग असाच आहे. एका मैत्रिणीचे चित्र स्काइपवर अडकते. ती जागची हलत नाही, पापणी लवत नाही. नेट गेले असेल, असे सगळे म्हणतात, आपणही तसेच म्हणतो, कारण अडकलेले चित्र आपण सर्वांनी शेकडो वेळा पाहिले आहे. मग कोणीतरी तिला फोन लावते आणि त्या थिजलेल्या चौकटीत फोन थरथरू लागतो. चित्र अडकलेलेच नव्हते. एवढ्या साध्या साधनाने, रक्ताचा थेंबही न दाखवता उभा केलेला असा काटा मला दुसऱ्या चित्रपटात कुठेही मिळाला नाही.

यापलीकडे जाऊन मला महत्त्वाची वाटते ती या भुताची मागणी. ते भूत त्या मुलांना एकच गोष्ट विचारत राहते : ती चित्रफीत कोणी टाकली? हे खेळाच्या निमित्ताने, धमकीने, कधी एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करून विचारले जाते, आणि एकेकाच्या जुन्या करणीचा हिशेब बाहेर येत जातो. ‘डार्क वेब’मधील मित्रांचा अपराध जवळजवळ शून्य आहे. मटियासने लॅपटॉप उचलला, बाकीचे तर केवळ त्याचे मित्र म्हणून भरडले जातात. त्यामुळे तो चित्रपट अधिक क्रूर आहे हे खरे, पण क्रौर्य संपल्यावर माझ्यापाशी फारसे काही उरले नाही. तो पाहिल्यावर मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पासवर्ड बदलले आणि माझी भीती तेथेच शमली. पहिल्याच्या भीतीवर असा काही उपाय सापडला नाही. एखाद्या गटात कधीकाळी कोणाची सर्वांनी मिळून टर उडवली होती, तिथे आपण नेमके काय लिहिले होते, ते अजून कुठेतरी तसेच आहे का, असे विचार बरेच दिवस अधूनमधून येत राहिले.

पहिला चित्रपट निर्दोष आहे असा माझा दावा नाही. त्यातील मुले सतत एकमेकांवर ओरडतात आणि हेडफोन लावून पाहणाऱ्याला ते असह्य होऊ शकते. मिक्सरचा जो प्रसंग गाजला तो मला अनावश्यक वाटतो. शेवटच्या काही सेकंदांत चित्रपट आपलीच चौकट मोडून लॅपटॉपच्या बाहेर येतो, ते तर वगळले असते तर बरे झाले असते. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाल्यामुळे आजच्या विशीतील प्रेक्षकाला तो सगळा पडदाच जुना वाटेल. तरी चेहऱ्याऐवजी कोरी आकृती दाखवणारे ते निनावी खाते आजही तितकेच अस्वस्थ करते, असा माझा अनुभव आहे. उत्पन्नाचा आकडा गुणवत्तेचा पुरावा नसतो, पण सुमारे १० लाख डॉलरच्या खर्चात पहिल्याने जगभरात ६ कोटींहून अधिक मिळवले आणि तेवढ्याच खर्चातील दुसऱ्याने सुमारे १.६ कोटी, एवढे नमूद करतो.

कोणताही निवडला तरी तो मोठ्या टीव्हीवर, दिवाणखान्यात बसून पाहू नये, असे मी आग्रहाने सुचवीन. चॅटमधली अक्षरे लांबून वाचता येत नाहीत आणि पडदा हा आपला स्वतःचा पडदा आहे असे वाटणे, ज्यावर या दोन्ही चित्रपटांची सारी मदार आहे, ते तिथे घडत नाही. लॅपटॉपवर, पूर्ण पडदा करून, एकट्याने पाहावा. दुसऱ्यात एकाच वेळी अधिक खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे हे पथ्य त्याला जास्तच लागू पडते.

भुताच्या गोष्टीत ज्यांचे मन मुळातच रमत नाही, त्यांनी माझ्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करून ‘डार्क वेब’ घ्यावा. त्यातील पूर्वार्ध त्यांना नक्की आवडेल. पडद्यावरचाच गुन्हा, पण कार्यकारणाने घट्ट बांधलेला, असा हवा असेल तर त्याच वर्षी आलेला आणि बेकमाम्बेतोव यांचीच निर्मिती असलेला ‘सर्चिंग’ त्याहून बरा, असे मला वाटते. त्यातला बाप आपल्या हरवलेल्या मुलीचा माग एकेका खात्यातून काढतो आणि प्रत्येक पायरी आपल्याला पटते. बाकी सर्वांसाठी माझे बोट २०१४ च्या ‘अनफ्रेंडेड’कडे आहे. फक्त ज्यांच्या घरात किंवा जवळच्या माणसांत आत्महत्येचा आघात ताजा आहे, त्यांनी तो तूर्त पाहू नये. सुरुवातीलाच लॉराच्या मृत्यूची चित्रफीत येते आणि चित्रपट तिच्याकडे पुन्हा पुन्हा परततो.