जपानमधील स्थानिक प्रशासनाचे प्रशिक्षण : जावे का, आणि येताना काय आणावे

सोलापूर जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत मी मुख्याधिकारी म्हणून काम करते. विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांसाठी जपानमध्ये चालणाऱ्या स्थानिक प्रशासनाच्या प्रशिक्षणाला मी पाच आठवडे जाऊन आले. तेव्हापासून सहकारी, विशेषतः सेवेत नव्याने दाखल झालेले, अर्ज करावा का म्हणून विचारतात. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून हा आढावा सविस्तर लिहीत आहे. माझे उत्तर असे की जरूर जावे, मात्र स्वतःच्या गावाचा एक नेमका प्रश्न बरोबर घेऊन जाणार असाल तरच. तसा प्रश्न नसेल, तर पाच आठवड्यांनी हाती छायाचित्रे आणि प्रमाणपत्र एवढेच उरते.

व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगते. विमानभाडे, निवास आणि रोजचा भत्ता यजमान देशाकडून मिळतो आणि आपले वेतन इकडे चालू राहते. अर्जासोबत आपल्या कार्यालयाचे काम आणि अडचणी मांडणारा अहवाल द्यावा लागतो आणि शेवटच्या आठवड्यात परतल्यावर काय करणार याचा कृती आराखडा सर्वांसमोर सादर करावा लागतो. निवडीचे पत्र एकेका कार्यालयातून फिरत खाली येते. माझ्या टेबलावर ते आले तेव्हा मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. ना हरकत प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आधीच हाताशी होता म्हणून जमले. ज्यांना जायचे आहे त्यांनी पत्राची वाट न पाहता ही तयारी आजच करून ठेवावी. शाकाहारी असाल तर हेही लक्षात घ्या की तिकडच्या बहुतेक सूपांचा आणि रश्श्यांचा पाया माशांच्या अर्काचा असतो, त्यामुळे भाजीचा दिसणारा पदार्थही विचारूनच घ्यावा लागतो. मी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी नेली होती. भाकरी तीन आठवडे जशीच्या तशी टिकली.

पहिला आठवडा पूर्णपणे व्याख्यानांचा होता आणि या प्रशिक्षणातला सर्वांत कमकुवत भाग तोच. विषय महत्त्वाचे होते, यात शंका नाही. जपानचा स्थानिक स्वायत्तता कायदा १९४७ चा, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्याच वर्षातला आहे. देशात ४७ प्रांत आणि १,७१८ शहरे, नगरे व गावे आहेत. १९९९ मध्ये हीच संख्या ३,२३२ होती. लहान गावांची लोकसंख्या घटत गेली, कर भरणारे कमी झाले आणि सरकारने विलीनीकरणाला प्रोत्साहन दिले, तेव्हा २०१० च्या मार्चपर्यंत ती १,७२७ वर आली. आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांत उलट दिशेने प्रवास सुरू झाला. तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर होऊ लागले. राष्ट्रीय करांतला ठरलेला वाटा, उदाहरणार्थ आयकराचा ३३.१ टक्के भाग, कायद्यानेच स्थानिक संस्थांसाठी बाजूला काढला जातो आणि तो कशावर खर्चावा याचे बंधन त्यांच्यावर नसते. अनुदानाच्या प्रत्येक रुपयाला लेखाशीर्ष चिकटलेले पाहण्याची सवय असलेल्या आम्हा मंडळींना हे ऐकून हेवा वाटला. परंतु ही सारी माहिती पन्नास पानांच्या पुस्तिकेत आधी पाठवता आली असती. दुभाष्यामार्फत चालणाऱ्या तीन तासांच्या व्याख्यानात मजकूर दीड तासाचाच असतो, आणि प्रश्नांची वेळ येईपर्यंत चहाची वेळ झालेली असते. हा भाग दोन दिवसांत आटोपावा, असे मी अभिप्रायपत्रातही लिहिले आहे.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला एका लहान नगराच्या कार्यालयात चार दिवस बसवले आणि तिथे प्रशिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. जपानमध्ये नव्या गावी राहायला गेलेल्या माणसाला चौदा दिवसांच्या आत रहिवासाची नोंद करावी लागते. त्या खिडकीमागे खुर्ची टाकून मी दिवसभर पाहत होते. एक वयस्कर गृहस्थ आले, तेव्हा खिडकीवरील कर्मचारी महिलेने अर्ज त्यांच्या हाती देण्याआधी, त्यांना भरायच्या होत्या तेवढ्याच रकान्यांभोवती पेन्सिलीने फिकट गोल केले. गृहस्थांनी गोलांतले रकाने भरले, तिने पेन्सिल खोडली आणि अर्ज आत गेला. आरोग्य विम्याचा बदल, कचरा कोणत्या वारी कोणता द्यायचा याचे वेळापत्रक, हे सारे त्याच खिडकीवर झाले. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, सेवांची मुदत ठरलेली आहे, फलकही लावलेले आहेत. तरीही अर्ज परत जातात ते बहुतांशी चुकीचा रकाना भरल्यामुळे. परत आल्यावर सोमवारीच आमच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या खिडकीवर पेन्सिली ठेवल्या. त्यासाठी ना निविदा लागली, ना सर्वसाधारण सभेचा ठराव.

त्याच कार्यालयात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तो प्रश्न बदल्यांचा होता. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमाने पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला आहे. जपानी स्थानिक कर्मचारीही साधारण तितक्याच काळाने एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात आणि बदल्यांचा मोठा हंगाम तिकडे १ एप्रिलचा असतो. तरीही त्या कार्यालयात २ एप्रिलला काम अडत नाही. कारण जाणारा माणूस हस्तांतराची टिपणी लिहून जातो. आमच्या विनंतीवरून नावे झाकून एक टिपणी दाखवण्यात आली. वर्षभरात कोणत्या महिन्यात कोणते काम येते, कोणत्या प्रकरणात कोणाला काय शब्द दिला आहे, कोणत्या अर्जदाराशी फोनवर बोलण्यापेक्षा समक्ष भेटणे बरे, मागच्या वर्षी कोणती चूक झाली आणि ती कशी निस्तरली, असे सारे तिच्यात होते. आपल्याकडे चार्ज देताना यादी होते ती कपाटाच्या किल्ल्यांची, धनादेश पुस्तकांची, मोजमाप पुस्तकांची आणि जडवस्तू नोंदवहीची. ती आवश्यकच आहे, पण तिच्यात वस्तू असतात. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जे कळलेले असते ते तो बरोबर घेऊन जातो, आणि नवा अधिकारी पहिले सहा महिने तेच पुन्हा शिकतो. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी सात वेळा चार्ज घेतला आणि सातही वेळा असेच झाले. ती टिपणी वाचताना मला खरोखर वाईट वाटले, कारण हे आपल्याला अशक्य होते असे नाही, कोणी सुचवले नव्हते इतकेच.

तिसरा आठवडा पाणीपुरवठ्याचा होता. सोलापूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. शहराला पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनीतून जलवाहिनीने येते, तसेच भीमेत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते, आणि तरीही नळाला पाणी काही दिवसांआड येते. म्हणून टोकियोचे आकडे मी कान देऊन ऐकले. युद्धानंतर, १९५५ च्या सुमारास, तिथली गळती २० टक्क्यांच्या घरात होती. आज ती ३ ते ४ टक्क्यांवर आहे. जुन्या वाहिन्या बदलणे हा त्यातला मोठा भाग आहे आणि त्याला प्रचंड पैसा लागतो. पण एक भाग स्वस्त आहे. रात्री रहदारी थांबल्यावर कर्मचारी दीड मीटर लांबीची पोलादी कांडी वॉल्व्हवर किंवा मीटरवर टेकवतात आणि तिच्या वरच्या टोकाच्या चकतीला कान लावून गळतीचा आवाज ऐकतात. मीही ऐकला. प्रथम काहीच कळले नाही. शिकवणाऱ्याने मुद्दाम गळती चालू केली, तेव्हा दूरवर कोणी एकसारखा श्वास सोडत असल्यासारखा बारीक आवाज आला. येथे एक सावधगिरीची सूचना करते. ही पद्धत नळात सतत दाब असताना चालते. चार दिवसांतून दोन तास पाणी येणाऱ्या गावात कर्मचाऱ्याला त्या दोन तासांतच, भर गलबल्यात, आवाज शोधावा लागेल. ही अडचण मी वर्गात मांडली, तेव्हा समाधानकारक उत्तर मिळाले नाही. यजमानांनी असे पाणी कधी पाहिलेलेच नव्हते.

कचरा व्यवस्थापनाच्या भागाबद्दल थोडक्यात सांगते. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली आणि तिथे कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला जातो. उदाहरण मोठे सुंदर आहे, पण ते गाव जेमतेम दीड हजार वस्तीचे आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करतानाही दमछाक होणाऱ्या आपल्या नगरपरिषदांना त्याचा थेट उपयोग नाही, आणि त्यावर घालवलेला दिवस एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात घालवला असता तर बरे झाले असते.

सहभागी अधिकारी चौदा देशांतून आले होते. वर्गापेक्षा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी अधिक शिकले, असे म्हटले तरी चालेल. नेपाळच्या सहकाऱ्याने २०१५ च्या संविधानानंतर ७५३ स्थानिक पालिका कशा उभ्या राहिल्या हे सांगितले. कार्यालयाला इमारत नाही, कर्मचारी नाहीत आणि निवडून आलेले पदाधिकारी मात्र हजर, अशी सुरुवात त्याने स्वतः पाहिलेली होती. आपल्या नव्या नगरपंचायतींची सुरुवातीची वर्षे आठवून मी त्याला तीन रात्री प्रश्न विचारले. भारत स्वतः १९६४ पासून आयटेक कार्यक्रमातून इतर देशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत आला आहे. आपण यजमान असतो तेव्हा व्याख्यानांच्या जोडीला अशा गप्पांसाठी वेळ राखून ठेवावा, असे तेव्हा फार वाटले.

उणीव आणखी एक आहे आणि ती मोठी आहे. कृती आराखडा सादर झाला, टाळ्या झाल्या, त्यानंतर वर्षभरात त्याचे काय झाले हे कोणीही विचारलेले नाही, तिकडूनही नाही आणि इकडूनही नाही. बरोबर आलेल्या एका अधिकाऱ्याची तर परतल्यावर पंधरा दिवसांत असंबद्ध विभागात बदली झाली. किमान दोन वर्षे त्याच कामावर ठेवण्याची हमी घेऊनच नाव पाठवावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

माझ्या आराखड्यातील एक गोष्ट मात्र पुरी झाली आहे. आमच्याकडचे सर्वांत जुने वॉलमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. कोणत्या पेठेला किती वाजता पाणी सोडायचे, कोणती चावी किती आटे फिरवायची, कोणता वॉल्व्ह उलटा बसवलेला आहे, हे सारे त्यांच्या डोक्यात होते आणि नकाशावर त्यातले निम्मेही नव्हते. एका कनिष्ठ लिपिकाला दोन महिने त्यांच्याबरोबर पहाटे फिरवले आणि ते सांगतील तसे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतले. आषाढीला मामा पंढरपूरला गेले, तेव्हा तीन दिवस त्या वहीवरून पाणी सोडण्यात आले. मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत ते पोचायला पाऊण तास उशीर झाला. मामा परत आले, त्यांनी वही मागून घेतली, आणि त्या गल्लीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले की आधी वरचा वॉल्व्ह तीन आटे मिटवावा, मग खालचा उघडावा.